गेम कन्सोलमधली चिप, कंपनीची कुलपं आणि दुरुस्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड, परभणी, बीड, जालना, धाराशिव, हिंगोली या भागात पुष्कळ कन्सोल दुसऱ्या किंवा तिसऱ्या हातातून घरात येतात. आत कोणी काय केलंय, हे घेणाऱ्याला माहीत नसतं. चिप लावलीय म्हणून दोन हजार जास्त मागणारा विक्रेता भेटतो, आणि चिप आहे म्हणून दुरुस्तीला हात न लावणारा मेकॅनिकही भेटतो. असे कन्सोल वापरणाऱ्यांसाठी आणि दुरुस्त करणाऱ्यांसाठी ही उत्तरं आहेत. फुकट गेम कुठून उतरवायचे, हा प्रश्न इथे घेतलेला नाही.

हार्डडिस्क बदलली तर तेही मॉडिंगच (कन्सोलमध्ये फेरफार) का? वॉरंटी जाते का?

तीन गोष्टींची गल्लत होते. पहिली, कंपनीनंच परवानगी दिलेला बदल: पीएस४ची हार्डडिस्क, पीएस५मधली एम.२ एसएसडी. यानं ना वॉरंटी जाते, ना बॅन (कंपनीनं ऑनलाइन सेवा बंद करणं) येतो. दुसरी, दुरुस्ती: थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता ओढून नेणारं मलम), पंखा, एचडीएमआय पोर्ट, जॉयस्टिक. वॉरंटीच्या काळात उघडलंत तर वॉरंटीवर पाणी सोडावं लागू शकतं, पण ऑनलाइन खेळण्यावर परिणाम होत नाही. तिसरी, कंपनीचं कुलूप, म्हणजे तिनं मान्य केलेले गेमच चालू देणारी तपासणी, चुकवणं. लोक ज्याला ‘चिप’ म्हणतात ते हेच, आणि बॅन, कायदा, बंद पडलेला बोर्ड ही सगळी प्रकरणं याच्याच मागं येतात.

कंपनी कुलूप लावते तरी कुठं?

हे समजलं की पुढची सगळी उत्तरं सोपी होतात. जपानमध्ये १९८३ला आलेल्या फॅमिकॉमला कुलूपच नव्हतं. म्हणून तर त्याच्या नकला जगभर पसरल्या आणि नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या घरांत ‘कॅसेट’वाला टीव्ही गेम म्हणून पोचल्या. १९८५ला अमेरिकेत निन्टेन्डोनं एनईएस आणला, त्यात एक चिप कन्सोलमध्ये आणि तिची जोडीदार कॅसेटमध्ये बसवली. दोघींचं बोलणं जुळलं नाही की कन्सोल सारखा रीसेट होत राहायचा. लोकांनी तोड काढली: कन्सोलमधल्या त्या चिपचा चौथा पाय कापायचा. कुलूप गप्प.

प्लेस्टेशन १मध्ये कुलूप डिस्कवर गेलं. सीडीच्या सुरुवातीच्या भागात खोबणीला मुद्दाम एक लहर दिलेली असते आणि त्या लहरीत चार अक्षरांत प्रदेश लिहिलेला असतो: जपान, अमेरिका की युरोप. घरचा सीडी रायटर माहिती लिहितो, पण खोबणीची लहर त्याला लिहिता येत नाही. म्हणून हुबेहूब कॉपी केलेली सीडीही चालत नव्हती.

तिथून पुढं कुलूप आत आत सरकत गेलं. आधी डिस्क, मग बूट रॉम (कन्सोल सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा, चिपमध्ये कोरलेला प्रोग्रॅम), मग प्रोसेसरच्या आत जळणारे ई-फ्यूज आणि आता कंपनीच्या सर्व्हरवरचं प्रमाणपत्र. कन्सोल जितका नवा, तितकं कुलूप सोल्डरिंगच्या टोकापासून लांब.

जुन्या पीएस१मध्ये आठ पायांची छोटी चिप सापडली. काही गेम अर्ध्यातच अडकायलेत. का?

ती बहुधा पीआयसी जातीची मायक्रोकंट्रोलर (चिपच्या रूपातला इवलासा संगणक) असेल. तिचं काम एकच: लहरीतून यायला हवीत ती चार अक्षरं स्वतःच कन्सोलला ऐकवत राहणं. पहिल्या चिपा ही अक्षरं न थांबता पाठवायच्या. हे लक्षात आल्यावर गेम बनवणाऱ्यांनी उलटी तपासणी घातली: डिस्कच्या ज्या भागात लहर असणंच शक्य नाही, तिथं ती अक्षरं ऐकू आली तर चिप आहे असं समजायचं आणि गेम थांबवायचा. त्यावर सुरुवातीला बोलून नंतर गप्प बसणाऱ्या ‘स्टेल्थ’ चिपा आल्या.

तुमच्याकडे मूळ डिस्का असतील तर चिप काढून टाकणं हाच साधा उपाय. आधी बोर्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. तारा ओढून तोडू नका, पॅड (तार जिथं सोल्डर केलेली असते ती तांब्याची जागा) उखडतो. प्रत्येक सांध्याला फ्लक्स (सोल्डर नीट वाहू देणारा पदार्थ) लावा, ३२० अंशांवर तार सोडवा, उरलेलं सोल्डर विकनं (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या वेणीनं) उचला. कुठं ट्रॅक (बोर्डावरची वीज नेणारी तांब्याची रेघ) कापला असेल तर तो जोडल्याशिवाय कन्सोल मूळ स्थितीत येणार नाही.

पीएस२ला चिप घालावी का?

आता गरज उरलेली नाही. पीएस२च्या चिपांना वीस-तीस तारा लागायच्या आणि एक तार हलली की काळी स्क्रीन. नंतर मेमरी कार्डवरून चालणारा सॉफ्टवेअरचा मार्ग निघाला. तो जवळपास सर्व मॉडेलवर चालतो, फक्त एससीपीएच-९०००० मालिकेतल्या शेवटच्या, २.३० बायोस (आतली मूळ प्रणाली) असलेल्या कन्सोलवर चालत नाही. सोनीनं तिथं ती वाट बंद केली. लेझर थकलेला असेल, डिस्क नुसती फिरत राहत असेल, तर चिप घालून काही उपयोग नाही.

पहिला एक्सबॉक्स कपाटात पडून आहे. काही करावं का?

आजच उघडा. आतल्या घड्याळाला वीज पुरवणारा एक कॅपॅसिटर असतो. १.०पासून १.५पर्यंतच्या बोर्डावर तो वयोमानानं गळतो आणि त्यातलं द्रव आसपासचे ट्रॅक खाऊन टाकतं. तो काढून टाकला तरी कन्सोल चालतो, फक्त वीज काढली की तारीख-वेळ पुसली जाते. काढल्यावर जागा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथब्रशनं घासून घ्या. १.६ बोर्डावरचा कॅपॅसिटर वेगळा आहे, त्याला सहसा हा रोग नसतो.

कुलपाच्या इतिहासात या कन्सोलचं मोठं स्थान आहे. २००२ साली एमआयटीत शिकणाऱ्या अँड्र्यू ‘बनी’ हुआंगनं बोर्डावरच्या दोन चिपांमधून धावणारी माहिती वाटेतच टिपली आणि साउथब्रिज नावाच्या चिपमध्ये लपवलेल्या ५१२ बाइटच्या रॉममधली किल्ली मिळवली. मायक्रोसॉफ्टनं किल्ली लपवली होती, पण ती जिथून प्रवास करते ती वाट उघडी होती. पुढं १.६ बोर्डावर कंपनीनं बायोसची फ्लॅश (पुन्हा लिहिता येणारी मेमरी) काढून फक्त वाचता येणारी रॉम बसवली आणि बाहेरून लावलेल्या चिपांना लागणारे एलपीसी या जोडणीचे ट्रॅकही तोडले. तिथं चिप बसवायची तर ते ट्रॅक तारांनी पुन्हा बांधावे लागतात.

एक्सबॉक्स ३६०: ‘जेटॅग’ आणि ‘आरजीएच’ यांत फरक काय?

दोन्ही ३६०चं कुलूप चुकवण्याच्या वाटा आहेत. प्रत्येक ३६०च्या प्रोसेसरमध्ये ई-फ्यूज असतात. महत्त्वाचा अपडेट आला की त्यातला एक कायमचा जळतो. मग जुनी आवृत्ती परत टाकली तरी कन्सोल जळलेले फ्यूज मोजतो आणि सुरूच होत नाही. शिवाय प्रत्येक प्रोसेसरची किल्ली निराळी, त्यामुळं एकाची मेमरी दुसऱ्याला चालत नाही.

जेटॅगची वाट जुन्या बूटलोडरमधल्या (प्रणाली सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅममधल्या) चुकीवर उभी होती. ऑगस्ट २००९च्या अपडेटनं ती बुजवली. म्हणजे तो अपडेट न घेतलेला कन्सोलच जेटॅग होऊ शकतो, आणि असा आता क्वचितच सापडेल.

आरजीएच २०११मध्ये आलं. त्याचा विचार फार वेगळा आहे. सुरू होताना प्रोसेसर पुढच्या बूटलोडरची सही ताडून पाहतो. नेमक्या त्या क्षणी प्रोसेसरचा वेग खाली आणायचा आणि रीसेटच्या तारेवर साधारण १०० नॅनोसेकंदांचा झटका द्यायचा. प्रोसेसर पूर्ण रीसेट होत नाही, पण तुलनेचं उत्तर चुकतं आणि ‘जुळलं’ असं निघतं. सॉफ्टवेअरमध्ये चूकच नाही, म्हणून साध्या अपडेटनं ती दुरुस्तही होत नाही. मायक्रोसॉफ्टला बोर्डच बदलावे लागले: कोरोना बोर्डावर चिपला वेळ कळवणारे सिग्नल बाहेर आणणंच बंद केलं, नँड (कन्सोलची आतली साठवण मेमरी) वाचायला लागणारे काही रोधकही बसवले नाहीत. म्हणून त्या बोर्डाला जास्तीचे अॅडॉप्टर आणि जोडण्या लागतात.

मार्च २०२५मध्ये शेवटच्या १७५५९ आवृत्तीवरही चालणारी, सोल्डरिंगविना होणारी वाट जाहीर झाली. तिचा परिणाम कन्सोल बंद केला की जातो आणि दर वेळी यश येईलच असंही नाही. पण केवळ प्रयोग करून पाहायचा असेल तर बोर्डाला डाग लावण्यापेक्षा ती बरी.

न उघडता ३६०चा बोर्ड कसा ओळखायचा?

मागच्या लेबलवर १२ व्होल्टपुढं अँपिअर लिहिलेले असतात. १६.५ असेल तर झेनॉन किंवा झेफर, १४.२ असेल तर फाल्कन, १२.१ म्हणजे जास्पर, १०.८३ म्हणजे स्लिममधला ट्रिनिटी, ९.६ म्हणजे कोरोना (सुरुवातीच्या काही कोरोनांवरही १०.८३ आहे). जुना जाडा ३६० घ्यायचाच असेल तर जास्पर घ्या. झेनॉन आणि झेफर तीन लाल दिव्यांच्या रोगासाठी बदनाम आहेत.

आरजीएच केलेला ३६० पाच-पाच मिनिटं सुरूच होत नाही. चिप गेली का?

बहुतेक वेळा चिप नाही, तारा. नॅनोसेकंदांचा खेळ आहे. तार चार सेंटीमीटरनं लांब झाली, कॉइलच्या किंवा पंख्याच्या जवळून गेली तरी वेळ चुकते. रीसेटची तार आखूड आणि बोर्डाला चिकटून हवी, चिपची ग्राउंड तार जवळच्या स्क्रूच्या भोकाला घट्ट हवी. दहा-वीस सेकंदांत, दोन-तीन प्रयत्नांत सुरू होणारा कन्सोल ठीक समजा. थंड असताना चालू होतो आणि तापल्यावर अडतो, असं असेल तर आधी थर्मल पेस्ट बघा.

हात लावण्याआधी नँडची प्रत आहे का ते मालकाला विचारा. नसेल तर काढा: कमीत कमी दोनदा वाचायची, दोन्ही फायली तंतोतंत जुळल्या पाहिजेत. जुळत नसतील तर सांधा कच्चा आहे, लिहायला जाऊच नका. प्रत आणि प्रोसेसरची किल्ली मालकाला पेनड्राइव्हवर द्या. हे न देणाऱ्या दुकानात कन्सोल टाकू नये.

अमेरिकेतून आलेला कन्सोल इथल्या प्लगला चालतो का?

लेबल वाचल्याशिवाय प्लग घालू नका. पीएस३, पीएस४, पीएस५ आणि स्विच यांचे पुरवठे सहसा १०० ते २४० व्होल्टचे असतात. अमेरिकेतल्या ३६०ची वीट (बाहेरचा, विटेसारखा दिसणारा वीजपुरवठा), पहिला एक्सबॉक्स आणि जाडा पीएस२ मात्र ११०-१२० व्होल्टवरचे आहेत. आपल्या २३० व्होल्टवर एका सेकंदात धूर निघतो. ३६०ला भारतातली २४० व्होल्टची वीट लावता येते, पण वॅट बघा: जाड्या पहिल्या बोर्डांना २०३, फाल्कनला १७५, जास्परला १५०. जास्त वॅटची वीट कमी लागणाऱ्याला चालते, उलटं नाही. विटेची खाच कंपनीनं म्हणूनच वेगळी ठेवलीय. कानशीनं खाच घासून कमी वॅटची वीट बसवलेली दिसली तर तो कन्सोल नको.

पीएस३वर ‘३.५५’चा एवढा बोलबाला का?

सोनीनं सुरुवातीला पीएस३वर लिनक्स टाकायची सोय दिली होती. १ एप्रिल २०१०च्या ३.२१ अपडेटनं ती काढून घेतली, आणि कन्सोल उघडू पाहणाऱ्यांचा जोर तिथून वाढला. त्याच वर्षी डिसेंबरात फेलओव्हरफ्लो गटानं बर्लिनच्या परिषदेत दाखवलं की सोनीच्या सहीमध्ये जो आकडा दर वेळी नवा, यादृच्छिक हवा होता, तो कायम एकच वापरला गेला होता. दोन सह्या मिळाल्या की साध्या बीजगणितानं खासगी किल्ली निघते. त्या वेळची आवृत्ती ३.५५.

सोनीनं पुढच्या आवृत्त्यांत दार लावलं आणि नंतरच्या बोर्डांत मूळ लोडरच बदलला. म्हणून जाडे कन्सोल आणि सीईसीएच-२०००, २१००, बहुतेक २५०० मालिकेतले स्लिम यांवर पूर्ण बदललेली प्रणाली बसते. ३००० आणि सुपर स्लिमवर बसत नाही. तिथं दर वेळी चालू करावी लागणारी अर्धी सोय मिळते. ‘सुपर स्लिमवर पूर्ण करून देतो’ म्हणणारा फसवतोय.

पिवळा दिवा लागून बंद पडलेला पीएस३ हीट गनवर तापवून चालू करून विकतात. तो काही दिवस किंवा काही आठवडे चालतो, पुन्हा बंद पडतो. तापवण्यानं आसपासचे कॅपॅसिटर आणि बोर्ड आणखी कमजोर होतात. ही दुरुस्ती नव्हे.

स्विच: माझा ‘उघडणारा’ आहे का हे कसं कळतं?

एप्रिल २०१८मध्ये सुरक्षा-संशोधक केट टेमकिन यांनी स्विचच्या टेग्रा एक्स१ या प्रोसेसरच्या बूट रॉममधली चूक जाहीर केली. रिकव्हरी मोडमध्ये यूएसबीवरून गरजेपेक्षा मोठी माहिती मागितली की बफर (माहिती तात्पुरती ठेवायची जागा) भरून वाहतो. बूट रॉम कारखान्यातच कोरलेली असते, विकलेल्या कन्सोलमध्ये ती अपडेटनं बदलता येत नाही. निन्टेन्डोला नवं उत्पादन बदलावं लागलं: २०१८च्या मध्यापासून दुरुस्त बूट रॉम आणि २०१९पासून नवा प्रोसेसर. अनुक्रमांक खालच्या कडेवर असतो. एक्सएडब्ल्यूनं सुरू होणाऱ्यांत दोन्ही प्रकार सापडतात, एक्सकेडब्ल्यूनं सुरू होणारे सगळे नवे.

नव्यांसाठी झटका देणारी चिप प्रोसेसरलगतच्या तांदळाच्या कणीहून बारीक कॅपॅसिटरवर सोल्डर करतात. तिथं जे बिघडतं ते असं: टोक जास्त वेळ टेकवल्यानं कॅपॅसिटर सरकतो, फ्लेक्स पट्टी पॅडवर नीट बसत नाही, ईएमएमसीच्या (आतल्या साठवणीच्या) तारेचा सांधा कच्चा राहून मधूनच काळी स्क्रीन येते. सूक्ष्मदर्शक, पूर्वीचा अनुभव आणि नँडची प्रत (ओएलईडी मॉडेल सोडलं तर अंतर्गत ३२ जीबी, म्हणून ६४ जीबीचं कार्ड लागतं) हे तिन्ही नसतील तर कन्सोल उघडू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. मोबाईल दुरुस्तीतला चांगला हातही पहिल्या स्विचवर चुकतो, कारण ढाली आणि ग्राउंड उष्णता ओढून घेतात.

बॅन कसा येतो? नेट बंद ठेवलं तर?

प्रत्येक स्विचमध्ये कारखान्यात टाकलेलं स्वतंत्र प्रमाणपत्र असतं. निन्टेन्डोच्या सर्व्हरशी बोलताना कन्सोल ते दाखवतो, चुकांच्या नोंदी पाठवतो, कोणतं गेम कार्ड घातलंय तेही कळवतो. कंपनी तिच्या यादीत ते प्रमाणपत्र रद्द करते, मग तुम्ही प्रणाली कितीही वेळा पुसा, बोर्ड तोच असेपर्यंत बॅन तोच. ईशॉप (निन्टेन्डोचं ऑनलाइन दुकान) उघडताना २१२४-४००७ हा कोड आला की समजा तो बोर्ड बाद आहे. नेट बंद असताना झालेल्या गोष्टींच्या नोंदी साठून राहतात आणि पुढं कधीतरी जोडलं की जातात.

बॅन लगेच येतोच असं नाही. मायक्रोसॉफ्टनं २००९च्या नोव्हेंबरात, मोठा गेम बाजारात आला त्याच सुमारास, बदललेले ३६० एकदम एक्सबॉक्स लाइव्ह या ऑनलाइन सेवेवरून काढले. आज चालू आहे म्हणजे उद्या राहील, असं म्हणता येत नाही.

जून २०२५ला आलेल्या स्विच २नं पाऊल आणखी पुढं टाकलंय. त्याच्या आधीच, मे महिन्यात, निन्टेन्डोनं अमेरिकेतल्या वापरकर्त्यांच्या करारात लिहिलं की अनधिकृत बदल केल्यास कन्सोल कायमचा निकामी केला जाऊ शकतो. कॉपी कार्ट्रिज वापरणाऱ्यांच्या स्विच २ला २१२४-४५०८ कोड येऊन ऑनलाइन सेवा बंद झाल्या. एखाद्या अस्सल कार्डाची आधी कोणी कॉपी काढून ठेवली असेल तर ते कार्ड नंतर घेणाराही अडचणीत येऊ शकतो. जुनं कार्ड घेताना बिल आणि ओळखीचा माणूस बघा.

पीएस४मध्ये एसएसडी टाकायचीय. नेमकं कसं?

हे घरी करण्यासारखं आहे. २.५ इंची, ९.५ मिलिमीटरपर्यंत जाडीची साटा ड्राइव्ह चालते. ५०० जीबी किंवा १ टीबी घ्या. आधी सेव्ह फायली पेनड्राइव्हवर काढा. संगणकावर पेनड्राइव्ह एक्सफॅट किंवा फॅट३२ करा, त्यात ‘पीएस४’ फोल्डर, त्याच्या आत ‘अपडेट’ फोल्डर, नावं इंग्रजी मोठ्या लिपीत. सोनीच्या साइटवरून पुनर्स्थापनेची मोठी फाइल घ्या. ती १ जीबीच्या आसपासची असते. निम्म्या आकाराची साधी अपडेट फाइल घेतली की नवी ड्राइव्ह ‘फाइल सापडत नाही’ म्हणून अडते, आणि सगळ्यात जास्त लोक इथंच चुकतात.

ड्राइव्ह बदलल्यावर पॉवरचं बटण सुमारे ७ सेकंद, दुसरा बीप येईपर्यंत दाबून धरा. कंट्रोलर तारेनं जोडा, सातवा पर्याय निवडा. हे चालू असताना लाईट गेली तर परत पहिल्यापासून. म्हणून यूपीएस हवाच.

पीएस५मध्ये?

एम.२ एसएसडी एनव्हीएमई जातीची, चौथी पिढी, वाचनाचा वेग सेकंदाला ५५०० एमबी किंवा जास्त, हीटसिंकसकट (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांसकट) उंची ११.२५ मिलिमीटरच्या आत. प्रोसेसरवर मात्र पेस्ट नाही, द्रव धातू आहे. तो वीज वाहून नेतो आणि अॅल्युमिनियम खातो. थेंब बोर्डावर गेला तर शॉर्ट. पेस्ट बदलायच्या सवयीनं पीएस५चा हीटसिंक उचलू नका.

डिस्क ड्राइव्ह बदलली, आता गेमच वाचत नाही.

अडचण ड्राइव्हची नाही, तिच्या बोर्डाची आहे. ३६०पासून पुढं जवळपास सगळ्या कन्सोलमध्ये ड्राइव्हचा बोर्ड आणि मुख्य बोर्ड कारखान्यात एकमेकांशी बांधलेले असतात. कॉपी डिस्क रोखण्यासाठी लावलेलं हे कुलूप प्रामाणिक दुरुस्तीलाही आडवं येतं, आणि ते आम्हाला चुकीचं वाटतं. अमेरिकेनं २०२१मध्ये कन्सोलची ऑप्टिकल ड्राइव्ह दुरुस्त करण्यापुरती कायद्यात सूट दिली, ती यासाठीच.

उपाय: मूळ बोर्ड ठेवा, फक्त लेझर किंवा यंत्रणा बदला. पीएस४ला जाड्या पहिल्या मॉडेलांसाठी केईएस-४९०, सीयूएच-१२०० मालिकेसाठी ८६०, स्लिम आणि प्रोसाठी ४९६. नव्या लेझरवर स्थिर विजेपासून वाचवणारा सोल्डरचा थेंब असेल तर तो काढल्याशिवाय लेझर लागत नाही. जुना बोर्ड फेकून देऊ नका, तो गेला की डिस्कचं दार कायमचं बंद.

पीएस४चा पंखा विमानासारखा आवाज करायलाय आणि गेम मधेच बंद पडायलाय.

एप्रिल-मेमध्ये खोलीच ४० अंशांपलीकडं जाते आणि काळ्या मातीचा फुफाटा हीटसिंकच्या पात्यांत नमद्यासारखा बसतो. वरून फुंकर मारून तो निघत नाही.

वीज काढून पंधरा मिनिटं थांबा, पॉवर सप्लायमध्ये साठा असतो. मधे खुंटी असलेल्या टॉर्क्स स्क्रूंसाठी भोकाचा टॉर्क्स पेचकस लागतो. पंखा बोटानं धरून ब्रशनं साफ करा, मोकळा फिरू दिला तर तो उलटी वीज बनवतो. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर नको: त्यातून पाणी आणि तेल येतं, दाबानं पातीही तुटतात. जुनी पेस्ट आयसोप्रोपिलनं पुसा. पेट्रोल, थिनर चालणार नाही. नवी पेस्ट ज्वारीच्या दोन-तीन दाण्यांएवढी, पातळ पसरून. तुरीच्या दाण्याएवढी झाली तर जास्त. क्लॅम्पचे स्क्रू आलटून-पालटून थोडे थोडे आवळा, एकच बाजू आधी आवळली तर चिपच्या कोपऱ्यावर ताण येतो. आपल्याकडं हे वर्षातून एकदा, होळीच्या आसपास करून घ्यावं.

सोल्डरिंगला काय काय लागतं?

तापमान ठरवता येणारं, अर्थिंग असलेलं स्टेशन. थेट प्लगचं २५ वॅटचं पेन कन्सोलच्या बोर्डाला नको. ६३/३७ची अर्धा मिलिमीटर तार (१८३ अंशांवर वितळते, कारखान्यातलं शिसं नसलेलं सोल्डर २१७च्या आसपास), नो-क्लीन फ्लक्स, विक, ३० गेजची तार, कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी चिकटपट्टी), मल्टिमीटर, ९९ टक्के आयसोप्रोपिल. डबीतली पिवळी पेस्ट वापरलीच तर मागं ठेवू नका, दमट हवेत ती धूळ धरते. टोक ३२० ते ३५०. सांधा तीन सेकंदांत लागत नसेल तर तापमान वाढवू नका, जाडं टोक लावा आणि फ्लक्स घाला.

लाईट सारखी जाते, व्होल्टेज खालीवर होतं. कन्सोलला काय करावं?

६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. पीएस४ आणि ३२ इंची टीव्ही त्यावर पाच-दहा मिनिटं निघतात, नीट बंद करायला एवढं पुरतं. पीएस५ला १००० व्हीए घ्या. अर्थिंग तपासा: फेज-अर्थ २३०च्या जवळ, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. अर्थ नसलेल्या घरात डिशची केबल, टीव्ही आणि कन्सोल यांच्यातल्या फरकानं एचडीएमआयची चिप जळते. केबल जोडताना दोन्ही उपकरणांचे प्लग काढलेले असू द्या. वळवाचा पाऊस, विजा दिसू लागल्या की नुसतं स्विच बंद करून भागत नाही, प्लग आणि डिशची तार दोन्ही काढा.

कायदा काय म्हणतो?

भारतात कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीनं कलम ६५अ आलं. हक्कांचा भंग करण्याच्या हेतूनं संरक्षणाचं तांत्रिक कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. ‘हेतू’ हा शब्द महत्त्वाचा: दुरुस्ती किंवा सुरक्षा-संशोधन वेगळं, चोरीचे गेम भरून विकणं वेगळं. गेमिंग पार्लरमध्ये तासाच्या दरानं असे कन्सोल चालवणाऱ्याची बाजू लंगडी पडते. ऑस्ट्रेलियात २००५ला सर्वोच्च न्यायालयानं सोनीविरुद्ध चिपवाल्याच्या बाजूनं निकाल दिला होता, पण तो आधार इथं कामी येणार नाही. उलट टोकाचं उदाहरण अमेरिकेतलं: स्विचच्या चिपा विकणाऱ्या गटातल्या गॅरी बाउझरला २०२२मध्ये ४० महिन्यांची शिक्षा झाली.

जुना कन्सोल घेताना पाच मिनिटांत काय बघू?

स्क्रूवरचे ओरखडे आणि सील. अनुक्रमांक बाहेरचा आणि मेनूतला जुळतो का. मोबाईलचा हॉटस्पॉट देऊन स्टोअर उघडा, बॅन असेल तर तिथंच दिसेल. अस्सल डिस्क सोबत न्या आणि घालून बघा. पीएस४ असेल तर आवृत्ती ९.०० किंवा पुढची आहे का पाहा. त्याआधीच्यांत आतली सेल संपली आणि नेट नसलं तर गेम उघडत नसत. वीस मिनिटं जड गेम चालवा, पंख्याचा आवाज ऐका, मागून येणाऱ्या हवेवर हात धरा: हवा गरम आणि जोरात हवी. पंखा ओरडतोय आणि हवा थंड येतेय, तर उष्णता हीटसिंकपर्यंत पोचतच नाहीये. पेस्ट गेलेली असेल तर तीनशे-चारशेचं काम, क्लॅम्प वाकलेला असेल तर कन्सोल तिथंच ठेवून परत या.